समुद्रकाकडी आणि पानफुटी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज संग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी मला आणि बागवाल्यांना एकाच खोलीत कोंबलं. गच्चीवरच्या त्यांच्या काचघराचं छत खचलंय, माझ्या मत्स्यदालनाच्या भिंतींना ओल आलीय, तेव्हा दोन्ही बंद. तळमजल्यावरची एक लांबट खोली रंगवून मिळणार आहे. तिथे आम्ही दोघांनी मिळून एकच प्रदर्शन मांडायचं: समुद्रातला एक प्राणी, एक फुलझाड आणि दोघांची तुलना. उद्घाटन तेरा एप्रिलला. विश्वस्तांना आवडलं तर खोली कायमची आमची. नाही आवडलं तर तिथे कॉफीचं दुकान निघेल, माझ्या टाक्या दुसऱ्या संग्रहालयाला जातील आणि मी तिकीट खिडकीवर. बाईंनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी मान डोलावून बाहेर आले आणि जिन्यात मला राग आला.

पंधरा वर्षं या मुक्या जिवांचं खारं पाणी बदलतेय मी. त्यांची तुलना कुंडीतल्या झाडाशी? कसली तुलना, डोंबल.

बागवाले मात्र खूश दिसले. ते मुळातच खूश दिसतात. माणसाचा असा चेहरा असला की त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

हट्टाला पेटून मी समुद्रकाकडी निवडली. हातभर लांब, काळी, मऊ. टाकीच्या तळाशी पडून असते. लोक 'ई' म्हणतात आणि रंगीत माशांकडे वळतात. मला वाटलं, बागवाले आता एखादं झुपकेदार फूल काढतील. त्यांनी पानफुटी पुढे केली. कुणाच्याही गॅलरीत फुटक्या डब्यात वाढते ती. म्हणाले, तुमच्या काकडीकडे कुणी बघत नाही, मग माझं झाडही कुणी न बघावं असंच हवं, नाहीतर सामना बरोबरीचा कसा होईल. मेहनत टाळायला बघतायत, दुसरं काय.

मग तुलनेला बसलो. मेंदू: दोघींनाही नाही. इथे बरोबरी. श्वास: पानफुटी दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री हवा आत घेते, समुद्रकाकडी मागच्या बाजूने पाणी ओढून श्वास घेते. हे मी जरा चाचरत सांगितलं, पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मी चित्र काढून दाखवलं. आत पाणी जिथे फिरतं तो अवयव फांद्या फुटाव्यात तसा असतो, त्याला श्वसनवृक्षच म्हणतात. बागवाले त्या कागदाकडे बघतच राहिले. "म्हणजे तुमच्या प्राण्याच्या पोटात झाड आहे," म्हणाले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. माझा कागद होता तो.

शनिवार, ९ फेब्रुवारी

बाबांनी आजही अर्धी वाटी सूप घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. डिसेंबरात त्यांच्या आतड्याचा बराच तुकडा काढावा लागला. जखम भरली, तपासण्या नीट आल्या, डॉक्टर म्हणतात आता सगळं खा. पण बाबा घास तोंडात घ्यायला तयार नाहीत. आयुष्यभर कोट शिवले, तेव्हा बोलतातही तसंच. "अस्तर काढलेला कोट खुंटीला टांगतात, घालत नाहीत," म्हणाले. दादाचा फोन आला तेव्हा हेच त्यालाही ऐकवलं. दादा मला म्हणाला, तू लक्ष दे जरा. म्हणजे मी इतके दिवस काय करत होते कोण जाणे.

संध्याकाळी बागवाले दारात. खोलीत विसरलेला माझा चष्मा घेऊन आले होते. मी तेवढ्यात औषधं आणायला गेले आणि परत आले तरी हे बाबांच्या खाटेशी बसलेलेच. चष्मा द्यायला इतका वेळ लागतो?

मंगळवार, १९ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी खोलीत पाऊल टाकलं आणि वासावरूनच कळलं. रंगाऱ्याने काल आपला दिवा लावायला इथे हलवलेल्या माझ्या टाकीच्या हवेच्या पंपाची पिन काढली होती आणि परत लावायला विसरला. पाणी कोंदलेलं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. समुद्रकाकडी कोपऱ्यात आक्रसून पडली होती आणि तिच्या शेजारी पिवळट धाग्यांचा ढीग. तिचं आतडं. जीव गुदमरला की हा प्राणी पोटातलं सगळं बाहेर टाकतो. वाईट म्हणजे त्या वेळी अंगातलं विषही पाण्यात उतरतं, आणि त्याने सगळे मासे जाऊ शकतात.

मी ओरडले असणार, कारण बागवाले धावत आले. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "पाणी कुठलं चालेल?" एवढंच. मी साठवणीतल्या खाऱ्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. त्यांनी आपली झाडं भिजवायची मोठी घमेली धुऊन आणली, बादल्या ओतल्या, मी जाळीने एकेक मासा उचलला. दोन गेले. बाकीचे सगळे वाचले. काकडीला मी हातांनीच उचलून वेगळ्या टाकीत ठेवलं. रिकाम्या मोज्यासारखी लागत होती.

सगळं झाल्यावर मी जमिनीवर बसून रडले. बागवाल्यांनी फरशी पुसायला घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ ती एकच जागा पुसत राहिले. त्यांना सफाईचं जरा वेडच आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

संचालिकाबाई आल्या, नाकाला रुमाल लावून. म्हणाल्या, मेलेला प्राणी काढून टाका आणि एखादा तारामासा वगैरे मागवा. मी सांगितलं, मेलेली नाही, आतडं टाकलंय, ती नवीन बनवते.

"उद्घाटनापर्यंत बनवेल?"

"हो."

हे 'हो' कुठून आलं मला माहीत नाही. पुस्तकात वाचलंय, माझ्या टाकीत कधी झालेलं नाही. काही जगतात, काही विरघळून जातात. मी बाईंना हे सांगितलं नाही. इथे लिहितेय, म्हणजे निदान कुठेतरी खरं सांगितल्यासारखं होईल.

बाई तारामाशावरच अडून बसल्या. तेव्हा बागवाले शांतपणे म्हणाले, प्राणी बदलायचा असेल तर माझं झाडही बदलावं लागेल आणि ते मी बदलणार नाही. बाई चिडून निघून गेल्या. मी बागवाल्यांना म्हटलं, तुम्ही कशाला मध्ये पडलात, तुमची तरी नोकरी सांभाळा. ते म्हणाले, पानफुटीला आता तिची सवय झालीय.

झाडाला सवय होते म्हणे. शास्त्र शिकलेला माणूस हा.

रविवार, २४ फेब्रुवारी

काही बोलायला हवं म्हणून बाबांना काकडीची हकिगत सांगितली. ते भिंतीकडे तोंड करूनच होते. मी आतडं बाहेर पडल्याचं सांगितलं आणि ते वळले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं.

"मग टाके कुणी घातले?"

कुणी नाही, म्हटलं. ती आपलं आपण करते. आतडं ज्या पातळ पडद्याला लटकलेलं असतं तो आत राहतो आणि त्याच्या काठाने नवी नळी तयार होते. बाबा उताणे झाले. "म्हणजे अस्तर फाटलं, पण शिवण शिल्लक आहे," म्हणाले आणि मग, "खाते काय तोवर?" काहीच नाही, मी म्हटलं. तोंडच उघडत नाही. "मग मी काय वेगळं करतोय," असं म्हणून परत भिंतीकडे वळले.

चुकलंच माझं. नको ते उदाहरण दिलं.

सोमवार, ४ मार्च

एक चांगली गोष्ट: बाबा सकाळी फिरायला जायला लागलेत. बागेत जातो म्हणतात. परत येतात तेव्हा मी कामावर असते, पण संध्याकाळी चेहऱ्यावर जरा तरतरी दिसते. घरात मात्र सूपच. आणि शर्टाच्या बाह्या कशाने ओल्या होतात कळत नाही, वाळल्या की पांढरे डाग पडतात. बागेतला नळ क्षाराचा असणार.

काकडी तशीच. मी रोज पाणी बदलते, तापमान बघते, तिच्याशी बोलते. हे बागवाल्यांनी ऐकलं. हसले नाहीत. "शिवण शिल्लक आहे की, मॅडम," म्हणाले. मला बरं वाटलं. हा शब्द मी त्यांच्यापुढे कधी बोलले बरं? बोलले असेन.

शुक्रवार, १५ मार्च

ब्रेड फार लवकर संपतोय. आठवड्याचा पुडा दोन दिवसांत खलास, लोणीही खरवडलेलं. उंदीर झालाय घरात. पिंजरा आणला. बाबांना दाखवला तर त्यांनी अगदी गंभीरपणे त्याची स्प्रिंग तपासली आणि म्हणाले, हुशार उंदीर दिसतोय, सापडणार नाही.

सोमवार, १८ मार्च

आज धीर सुटला. काकडी निम्म्याने आखडलीय. वाळू पसरून ठेवते ती तशीच्या तशी. तोंडाभोवतीचे झुपके बाहेर काढून वाळू आत घ्यायला हवी तिने, त्यातला गाळ तिचं अन्न. पण तोंड मिटलेलं.

आणि समोरच्या भिंतीवर पानफुटीचा नुसता उत्सव. बागवाल्यांनी एक तुटकं पान टाचणीने कोऱ्या कागदावर लावून ठेवलं होतं. ना माती, ना पाणी. आज बघते तर त्याच्या काठावरच्या खाचांमधून इवली इवली झाडं बाहेर आलेली, प्रत्येकाला दोन पानं आणि केसासारखी मुळं. मला इतका हेवा वाटला की त्या पानाकडे पाठ करून बसले. हा सामना मी हरणार. वर त्या झाडाला कळ्याही आल्यात, उलट्या टांगलेल्या घंटांसारख्या.

बागवाल्यांना स्पष्टच सांगितलं, तुमची जिंकली. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. म्हणाले, माझ्या झाडाला स्वतःला असं नवं करता येत नाही, मॅडम. पान तुटल्यावर नवी झाडं येतात, पण ते पान स्वतः सुकून जातं. तुमची तीच राहून नवी होते. मला हे झेपलं नसतं. मी म्हटलं, तुम्हाला म्हणजे झाडाला ना? ते म्हणाले, हो, झाडाला.

घरी येऊन हेच मोठ्या फलकासाठी लिहिलं: पानफुटी स्वतःची वाटणी करते, समुद्रकाकडी स्वतःची भरपाई. वाक्य बरं झालंय. काकडी जगली तर वापरता येईल.

गुरुवार, २८ मार्च

उजेडाचा प्रश्न सुटला. पानफुटीला ऊन हवं, काकडीला अंधार, आणि खोली एक. आज सकाळी बघते तर टाकीभोवती जाड निळ्या कापडाचा पडदा. मध्ये एक झडप, ती उचलून एकेकाने आत डोकवायचं. कापडाला चुण्या नाहीत, झडपेला दुहेरी पट्टी, कोपरे असे बसवलेले की बोट फिरवावंसं वाटावं. हल्ली असं कोण शिवतं? बागवाले म्हणाले, आहेत ओळखीचे एक, हात बसलेला आहे त्यांचा. नाव विचारलं तर त्यांना एकाएकी कुंड्या उन्हात हलवायच्या आठवल्या.

घरी बाबांच्या उशीवर निळे दोरे. गोधडी उसवत असावी, बघायला हवी.

मंगळवार, ९ एप्रिल

कसं लिहू? सुरुवातीपासून लिहिते.

संग्रहालय उघडायच्या आधीच गेले, कारण बाई शेवटची पाहणी करणार होत्या. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पडद्याची झडप वर टाचलेली आणि टाकीपुढे दोन माणसं उकिडवी बसलेली. एक बागवाले. दुसरे माझे बाबा. बाबांच्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच होतं, लोणी लावलेलं, आणि ते चावत होते.

मी आत पाऊल टाकलं. बाबांनी मागे न बघता हात हलवला.

"आलीस? ये, खाली बस. पाण्यात हात घालू नकोस, बघ नुसती."

मी बसले. काकडी पुरी हातभर लांब झाली होती. तोंडाचे झुपके फुललेले, एकामागून एक वाळूत बुडत होते आणि तोंडात जात होते, बोटं चाटावीत तसे. आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी वाळूवर एक स्वच्छ, गोल, नीट वळलेली वाळूची वळकटी पडलेली. माझ्या डोळ्यांदेखत त्यात आणखी थोडी भर पडली.

"झाली," बाबा म्हणाले. "मोकळी झाली पोर."

नवं आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू झालं होतं. पंधरा वर्षांत मी टाक्यांतली किती शी काढून फेकलीय, पण आज त्या वळकटीकडे बघून मी हसायला लागले आणि थांबेचना. बागवाले डोळे पुसत होते. बाबा सँडविच संपवून म्हणाले, दुसरं आहे का?

मग एकेक उलगडत गेलं. बाबा बागेत कधी गेलेच नव्हते. चष्मा द्यायला आले तेव्हाच बागवाल्यांनी त्यांना इथे यायचं बोलावणं दिलं होतं, पण बाबांनी ते मनावर घेतलं काकडीची हकिगत ऐकल्यावर. रोज सकाळी मी पोचण्याआधी मागच्या दाराने यायचे, पाणी बदलायला हात लावायचे, तिच्यापुढे बसून पावाचा एक तुकडा खायचे. सुरुवातीला एक तुकडा, मग दोन. मला का सांगितलं नाही, विचारलं तर बाबा म्हणाले, "पोटात राहील की नाही, माझा मलाच भरवसा नव्हता. तुला उगाच आशा कशाला लावू?"

पडद्याचं मी विचारलंच नाही. तेवढं मलाही कळतं.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि ती वळकटी दाखवली. त्यांनी रुमाल नाकाकडे नेला आणि मग खाली घेतला. विश्वस्तांना हे आपल्याला दाखवता येईल का, असं त्यांनी विचारलं. आपल्याला, म्हणाल्या.

घरी येऊन पिंजरा उचलून माळ्यावर टाकला.

शनिवार, १३ एप्रिल

रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी तिकीट खिडकीतून पाहिली, कारण तिथल्या माणसाला मदत लागली. तिकीट खिडकीत बसून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

विश्वस्तांचे अध्यक्ष आले, भारदस्त गृहस्थ, घाईत. आत येताच म्हणाले, काकडी कुठेय, मला तर नुसतं झाड दिसतंय. बाबांनी, कोट घालून, हो, स्वतः शिवलेला कोट घालून, त्यांच्यासाठी झडप उचलली. अध्यक्ष वाकले. मग गुडघ्यावर बसले. मग सरळ फरशीवर मांडी घातली आणि मागच्या लोकांना थांबावं लागलं. बाबा त्यांना सांगत होते, साहेब, ही आतून पूर्ण नवी आहे, बाहेरचं कापड फक्त जुनं. कुणी विचारलं तुम्ही शास्त्रज्ञ का, तर म्हणाले, नाही, मी तिच्यासोबत आजारी होतो.

उठताना अध्यक्षांनी मला विचारलं, या दोघींत श्रेष्ठ कोण ठरलं? फेब्रुवारीत माझ्याकडे याचं दोन पानी उत्तर तयार होतं. मी म्हटलं, ठरवायचंच होतं साहेब, पण दोघींना सांभाळण्यात राहून गेलं. ते मोठ्याने हसले. सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, ही खोली यांची, कॉफी बाहेर कुठेही मिळते.

जाताना प्रत्येकाला बागवाले पानफुटीचं एक पान देत होते. संध्याकाळी आवरायला गेले तर ते रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले होते आणि समाधानाने थकले होते. मी पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी धन्यवाद म्हटलं आणि पाणी प्यायचं विसरले.

सोमवार, १५ एप्रिल

आज खोलीचा आदेश सही होऊन आला. बाईंनी चहाला बोलावलं आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. जानेवारीत मोठ्या वनस्पती उद्यानाने बागवाल्यांना मुख्य माळ्यांच्या वरची जागा देऊ केली होती. पगार जास्त, काचघर आमच्या इमारतीएवढं. सगळ्यांना वाटलं जातील. पण एकत्र खोलीचं ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नकार कळवला.

मला हे पटेना. परत येऊन त्यांनाच विचारलं, इतकी चांगली जागा का सोडलीत? ते पानफुटीच्या फुलांखालची सुकलेली पानं वेचत होते. म्हणाले, इथली हवा जरा खारट आहे, मला आवडते. मी म्हटलं, खारट हवा झाडांना वाईट, हे तुम्हाला माहीत असायला हवं. "माहीत आहे," ते म्हणाले, आणि पानं वेचत राहिले. कान लाल झाले होते त्यांचे. उन्हात फार वेळ काम करतात.

हे इथवर लिहिलं आणि वरची पानं सहज चाळली. चष्मा. फरशीची ती एकच जागा. झाडाला झालेली सवय. न प्यायलेलं पाणी.

मी इतकी मठ्ठ आहे हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

एकटीच हसत सुटले. बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, काय झालं. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते जेवत होते, पोटभर, ताट पुढे ओढून. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्या पोराने तुझ्यापुढे आणखी किती फरशी पुसायची होती?"

पोरगा पंचेचाळिशीचा आहे. मी एक्केचाळिशीची. काय बोलायचं ते ठरवत बसले असते तर उजाडलं असतं, म्हणून काहीच न ठरवता फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.